ज्या शाळेत सगळ्यांनाच दिसत होतं

सरकारी कागदांवर माझं पद 'नेत्र चिकित्सा अधिकारी' असं होतं. एवढं लांब नाव गावात कोणी घेत नाही. नरखेड तालुक्यातल्या ज्या ग्रामीण रुग्णालयात माझ्या नोकरीची शेवटची वर्षं गेली, तिथे मी 'डोळेवाल्या मॅडम' होते. बसस्टँडवरचा चहावालासुद्धा "डोळेवाल्या मॅडमले साखर कमी" असं आत ओरडून सांगायचा. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण निवृत्त झाल्यावरही नागपुरात सक्करदऱ्याच्या माझ्या घरी कोणी ना कोणी मोतीबिंदू दाखवायला येतंच. ऑपरेशन डॉक्टर करतात. आम्ही नजर तपासतो, चष्म्याचा नंबर काढतो, डॉक्टरांकडे कोणाला पाठवायचं ते ठरवतो. आणि वर्षातले काही महिने पिशवीत तक्ता घालून शाळा-शाळा हिंडतो.

हा तक्ता तुम्ही पाहिला असेल. पांढऱ्या पुठ्ठ्यावर इंग्रजी ई हे अक्षर, वरून खाली सात ओळींत लहान लहान होत गेलेलं. कधी त्याचे तीन पाय उजवीकडे, कधी डावीकडे, कधी वर, कधी खाली. मुलाला वाचता येत नसलं तरी चालतं. त्याने आपली तीन बोटं त्या दिशेला दाखवायची. वीस फुटांवर खडूची रेघ मारायची, मुलाला तिथे उभं करायचं, एक डोळा पुठ्ठ्याने झाकायचा आणि वरून खाली यायचं. मग दुसरा डोळा. पुठ्ठाच लागतो, कारण हाताने डोळा झाकला की मुलं बोटांच्या फटीतून पाहतात. एका मुलाला अर्धं-एक मिनिट पुरतं.

काम एवढं सोपं आहे, आणि तरी करावं लागतं, कारण लहान मूल "मला दिसत नाही" असं सांगत कधी घरी येत नाही. त्याला जे दिसतं तेवढंच जग आहे असं ते धरून चालतं. फळ्यावरचं चुकीचं उतरवलं म्हणून रोज मार खाणारा एक मुलगा मला आठवतो. चष्मा लावून तो वर्गात गेला आणि पहिलं वाक्य बोलला, "सर, तुमच्या नाकावर तीळ आहे." दोन वर्षं तो त्या सरांच्या हाताखाली शिकत होता. दुसरी एक मुलगी, मैत्रिणीला गुलाबी फ्रेमचा चष्मा मिळाला म्हणून, मला काहीच दिसत नाही असं सांगत बसली. मी तिच्या डोळ्यांवर नुसती साधी काच चढवली. तिने सातही ओळी घडाघडा सांगितल्या. असे गमतीचे प्रसंग पुष्कळ आहेत, आणि ते सांगायला मला आवडतं. पण इथे मला जी गोष्ट लिहायची आहे ती माझ्या चुकीची आहे. नोकरीत असताना ती मी फारशी कोणाला सांगितली नाही.

तालुक्याच्या एका टोकाला संत्र्याच्या बगीच्यांमध्ये वसलेलं एक गाव आहे. तिथली शाळा पाचवीपर्यंतची, दोन शिक्षकी. मुख्याध्यापक ढोबळे सर, पन्नाशीचे, पांढरा शर्ट रोज इस्त्रीचा. शाळेच्या भिंतींवर पाढे, नकाशे, महिने, सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेलं. अशा शाळेत गेलं की बरं वाटतं.

मी गेले तो शनिवार होता, सकाळची शाळा. साडेबाराची एसटी पकडून मला नागपूरला यायचं होतं. भाचीचं लग्न जवळ आलं होतं आणि सीताबर्डीवर साड्या घ्यायला बहीण माझी वाट पाहत थांबणार होती. हे कारण मी मुद्दाम लिहिते आहे. काही मोठं संकट असतं तर मी स्वतःला माफ तरी केलं असतं.

त्या दिवशी तपासणी अशी झरझर झाली की मी स्वतःच चकित झाले. मुलं रांगेने येत होती, पुठ्ठा धरत होती, तीन बोटं फिरवत होती. उजवीकडे, खाली, डावीकडे, वर. एकही मूल अडखळलं नाही. पहिलीतली मुलंसुद्धा नाही. सगळ्या शाळेत एकालाही नंबर नाही. ढोबळे सर बाजूला हाताची घडी घालून उभे होते आणि त्यांचा चेहरा फुलला होता.

"शंभर टक्के, मॅडम," ते म्हणाले. "तालुक्यात अशी शाळा नसन."

नव्हतीच. अशी शाळा कुठेच नसते. इतकी वर्षं हे काम केल्यावर मला ते ठाऊक होतं. रजिस्टरमध्ये सगळ्या नावांपुढे एकच शेरा लिहिताना हात जरासा थांबला, हेही मला आठवतं. पण घड्याळात बारा वाजले होते. मी सही केली, सरांनी दिलेली संत्र्यांची पिशवी घेतली आणि फाट्यावर येऊन बस पकडली.

पुढच्या जुलैत मी परत त्या शाळेत गेले. मधल्या काळात माझा जुना तक्ता कोपऱ्यांना फाटला होता म्हणून कार्यालयाने नवा दिला होता. अक्षरं तशीच, ओळी सातच, पण त्यांच्या दिशा वेगळ्या. हे माझ्या डोक्यातही नव्हतं. तक्ता टांगला आणि सुरुवात केली.

चौथीतली एक मुलगी आली. दोन वेण्या, काळ्या रिबिनी, चुणचुणीत. पल्लवी तिचं नाव. सर म्हणाले, "ही आमची पहिल्या नंबरची आहे, मॅडम." उजव्या डोळ्याने तिने सातही ओळी बरोबर दाखवल्या. मग पुठ्ठा उजव्या डोळ्यावर गेला. डाव्या डोळ्याने तिने हात पुढे केला आणि मी काही विचारायच्या आत बोटं फिरवायला लागली. उजवीकडे, खाली, डावीकडे, वर. एका दमात, कविता म्हणावी तशी. ती समोरचा तक्ता वाचतच नव्हती. माझा गेल्या वर्षीचा तक्ता म्हणत होती.

मी तिला थांबवलं नाही. तिला सगळं म्हणू दिलं. मग तिच्याजवळ जाऊन बसले आणि हळूच विचारलं, "पल्लवी, हे तुले पाठ आहे का?"

"हो. परिपाठात घेतलं होतं नं सरांनी."

"आता मी विचारीन तेवढंच सांग. या डोळ्यानं समोर काय दिसते?"

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "या डोळ्यानं कसं दिसन?" ती म्हणाली. "पाहाचा डोळा तर हा आहे." आणि पुठ्ठ्यामागच्या उजव्या डोळ्याला तिने बोट लावलं. "हा दुसरा तसाच असते."

नऊ वर्षांच्या त्या हुशार मुलीची अशी समजूत होती की प्रत्येक माणसाचा एक डोळा पाहण्याचा असतो आणि दुसरा नुसता शोभेचा. कोणी तिला वेगळं सांगितलंच नव्हतं. सांगणार कसं? तिने विचारलं नव्हतं, कारण तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

मी ढोबळे सरांना बाजूला घेतलं. शिक्षकांना प्राथमिक तपासणीसाठी तक्त्याची एक प्रत आम्हीच देतो. सरांनी ती गेल्या वर्षी माझ्या तपासणीआधी पंधरा दिवस रोज परिपाठात मुलांकडून घोकून घेतली होती. त्यात लबाडी नव्हती. वरून कोणी मॅडम येऊन मुलांना काही विचारणार, तेव्हा मुलांना ते यायला पाहिजे, एवढंच त्यांना कळलं होतं.

"मले वाटलं, परीक्षा आहे," सर म्हणाले. मग भिंतीवर स्वतःच रंगवलेल्या पाढ्यांकडे पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "पोट्टे पास झाले पाहिजेत, बस. जिंदगीभर तेच करत आलो, मॅडम."

त्या दिवशी सगळ्या शाळेची तपासणी मी नव्याने केली. आणखी दोन मुलांना चष्मे लागले, पण ते साधे होते, दोन्ही डोळ्यांना सारखे. पल्लवीचं तसं नव्हतं. तिच्या डाव्या डोळ्याला मोठा प्लस नंबर होता आणि उजवा अगदी ठीक. असं असलं की मेंदू चांगल्या डोळ्याचं ऐकतो आणि दुसऱ्याचं ऐकणं हळूहळू सोडून देतो. डोळा दिसायला सुंदर असतो, सरळ असतो, आत काही बिघडलेलं नसतं. फक्त त्याला पाहायची सवय लागलेली नसते. आमच्याकडे याला आळशी डोळा म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. डोळ्याने आळस केलेला नसतो, त्याला कोणी कामावर बोलावलेलं नसतं. चष्मा देऊन आणि चांगला डोळा रोज काही तास झाकून त्याला कामाला लावता येतं. पण ते लहानपणीच. जितकं वय कमी तितकं चांगलं. आठ-नऊच्या पुढे प्रत्येक वर्ष महागात पडतं.

संध्याकाळी मी पल्लवीच्या घरी गेले. वडील प्रमोदभाऊ नुकतेच बगीच्यातून आले होते, पंपाचं ग्रीस हाताला लागलेलं. आई रेखाताईंनी चहा टाकला. नागपूरला डॉक्टरांना दाखवावं लागेल, हे दोघांनी लगेच ऐकलं. "उद्याच जाऊ," प्रमोदभाऊ म्हणाले. त्यांनी काही खळखळ केली असती तर मला सोपं गेलं असतं. मी मात्र त्यांना पूर्ण सांगितलं नाही. गेल्या वर्षी ही तपासणी होऊन गेली होती, एवढंच सांगायचं राहिलं. किंवा राहू दिलं.

नागपूरला मी त्यांच्यासोबत गेले. मोठ्या दवाखान्यात औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या, पुन्हा तपासणी झाली. डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले. त्यांनी सगळं समजावून सांगितलं, आणि मग कागदावर लिहिता लिहिता सहज विचारलं, "नऊ वर्षं म्हणजे जरा उशीर झाला. गेल्या वर्षी शाळेत तपासणी झाली नव्हती का?"

प्रमोदभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना उत्तर ठाऊक नव्हतं, म्हणून पाहिलं. मी म्हणाले, "झाली होती. मीच केली होती. माझ्या हातून सुटली."

ढोबळे सरांचं आणि परिपाठाचं नाव घ्यावं असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण ते मी घेतलं नाही. सरांना डोळ्यांतलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं.

"म्हणजे एक साल गेलं," प्रमोदभाऊ म्हणाले. आवाज चढवला नाही. पण त्या दिवसानंतर पुष्कळ महिने ते माझ्याशी बोलले नाहीत.

परतीच्या एसटीत रेखाताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. पल्लवी खिडकीजवळ, औषधाने डोळे दिपले म्हणून ओढणी डोक्यावरून घेऊन झोपलेली. काटोल मागे पडल्यावर रेखाताई म्हणाल्या, "मी तिची आई आहो, मॅडम. रोज तिची वेणी घालतो. नऊ वर्षं झाले तिच्या तोंडाकडं पाहून राहिली. मले नाही समजलं, तं तुमाले अर्ध्या मिनिटात काय समजन?"

त्यांनी माझ्यासाठी म्हटलं की स्वतःसाठी, ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

चष्मा आला. उजव्या डोळ्यावर लावायच्या चिकट पट्ट्या आल्या. रोज सहा तास, शाळेतच लावायचं ठरलं, कारण त्याच वेळात वाचणं-लिहिणं होतं. आणि इथून खरा त्रास सुरू झाला. पहिल्या नंबरची मुलगी. पट्टी लावली की तिला फळा दिसेना, पुस्तक दिसेना, स्वतःच्या वहीतलं अक्षर दिसेना. घटक चाचणीत ती खाली गेली. वर्गातली मुलं चिडवत होती, पण ते तिने सहन केलं असतं. आपल्याला येत असलेलं उत्तर लिहिता येत नाही, हे तिला सहन होत नव्हतं. दीड महिन्यानंतर एका दुपारी तिने पट्ट्यांचा अख्खा डबा नेऊन बगीच्यातल्या विहिरीत टाकला.

रेखाताईंचा फोन आला म्हणून मी गेले. पल्लवी ओसरीवर बसून होती, रडून चेहरा सुजलेला. प्रमोदभाऊ माझ्याशी नाही, भिंतीशी बोलल्यासारखे बोलले. "चांगला डोळा झाकाचा अन् बिघडलेल्या डोळ्यानं पोरीले पाहाले लावाचं. हा कोणता इलाज होय? तिले एका डोळ्यानं सगळं दिसून राहिलं. पहिली येऊन राहिली. काहून छळता तिले?"

मी पल्लवीजवळ बसले. म्हटलं, "तुले नाही लावाची का पट्टी?"

"मले मागं नाही राहाचं," ती म्हणाली.

नंबर काढायला मी शिकले होते. नऊ वर्षांच्या मुलीला वर्षभर मागे राहायला कसं सांगायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी नव्या पट्ट्यांचा डबा रेखाताईंच्या हातात दिला आणि घरी आले. मनात म्हटलं, संपलं हे.

पुढच्या सोमवारी ढोबळे सरांनी पल्लवीला एक वही दिली. मला हे नंतर कळलं. दोनशे पानी वही, आणि तिच्या एकेका पानावर जाड काळ्या पेनाने लिहिलेला एकच शब्द. पुढच्या पानावर पुढचा शब्द. मराठीचा अख्खा धडा त्यांनी असा लिहून काढला होता. त्या आठवड्यात वर्गात तोच धडा चालणार होता. सर तिला एवढंच म्हणाले, "हे तुझं पुस्तक. पट्टी लावून वाच. जेव्हा पाठ होईन तेव्हा सांग. गणितं मी तोंडी घेईन, तू तोंडीच सांग. नंबर मी त्यावर काढीन."

महिन्याभराने मी शाळेत गेले तेव्हा पल्लवी पट्टी लावून बसली होती. वही नाकाजवळ धरून, मान तिरपी करून, एक एक शब्द फोडत होती. मी वही हातात घेतली, पानं उलटली. सरांचं अक्षर सुरेख होतं, प्रत्येक काना सरळ, प्रत्येक वेलांटी पूर्ण. "कधी लिहिता हे?" मी विचारलं.

"मधल्या सुटीत लिहितो," सर म्हणाले. "उरलं तं घरी. बायको म्हणते, म्हातारपणी शुद्धलेखनाची शिक्षा लागली."

दुसऱ्या महिन्यात एका पानावर दोन शब्द होते. दिवाळीनंतर एका पानावर एक ओळ. ती चाचपडायला लागली की सर पुन्हा मोठं लिहायचे, सरावली की थोडं लहान. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी तक्त्यावर तिची प्रगती मोजायचे, पण खरं सांगायचं तर तक्ता टांगायच्या आधी मी तिने सोबत आणलेली वही उघडायचे आणि मला कळायचं. जानेवारीत एका पानावर चार ओळी मावल्या. त्या महिन्यात डावा डोळा तक्त्याच्या तिसऱ्या ओळीपर्यंत उतरला होता. सुरुवातीला तिला वरचं एकच मोठं अक्षर दिसत होतं, तेही कसंबसं.

प्रमोदभाऊ दर महिन्याला तिला मोटारसायकलवर रुग्णालयात घेऊन यायचे. कधी चुकले नाहीत. गाडी निंबाच्या झाडाखाली लावायचे आणि तिथेच उभे राहायचे. आत येत नसत. मी व्हरांड्यात येऊन "बरं आहे भाऊ, पुढं सरकली" असं म्हटलं की मान हलवायचे, किक मारायचे, निघून जायचे. मला त्यांचा राग आला नाही. माझ्या मुलीचं वर्ष कोणी असं घालवलं असतं तर मीही बोलले नसते.

हे जवळजवळ दोन वर्षं चाललं. पल्लवी पाचवीत गेली. वह्यांचा ढीग सरांच्या कपाटात वाढत गेला, आणि पाचवीच्या पावसाळ्यात एक दिवस अशी वही आली जी कोणत्याही मुलाची असावी तशी होती, ओळीखाली ओळ, साध्या निळ्या पेनाने. सर म्हणाले, "आता माझी गरज नाही. छापील पुस्तक वाचते." आणि खरंच ती पट्टी लावून पाठ्यपुस्तक वाचत होती. हळू वाचत होती, पण वाचत होती.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला नागपूरच्या डॉक्टरांनी शेवटची तपासणी केली. डावा डोळा पाचव्या ओळीपर्यंत आला होता, आणि सहा महिने तिथेच थांबला होता. डॉक्टर म्हणाले, एवढ्या उशिरा सुरू करून हे उत्तम आहे, आता पट्टी बंद करू, चष्मा मात्र कायम. त्यांनी माझं कौतुक केलं. सगळे खूश होते. मी पण हसले.

रुग्णालयात परत आल्यावर मी तपासणीच्या रिकाम्या खोलीत तक्त्यासमोर बराच वेळ बसले. खालच्या दोन ओळी राहिल्या होत्या. वर्षभर आधी सुरुवात केली असती तर त्या मिळाल्याच असत्या का? कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. डॉक्टरही नाहीत. पण मिळाल्याही असत्या. मी एका बसची वेळ पाहिली होती, आणि त्याची किंमत एक मुलगी आयुष्यभर डाव्या डोळ्याने देणार होती. त्यानंतर मी कधी तक्त्याची एकच प्रत वापरली नाही. दोन ठेवल्या, दर दहा मुलांमागे बदलत गेले. शून्य दोष निघाला त्या शाळेत दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या पोरींना ही सवय लावली. कारण मात्र सांगितलं नाही. ते आता इथे सांगते आहे.

त्याच महिन्यात एका सकाळी ओपीडी संपत आली असताना दारात प्रमोदभाऊ उभे दिसले. पल्लवी सोबत होती. ठरलेली तपासणी नव्हती, म्हणून मी घाबरले. विचारलं, "काय झालं, भाऊ?"

ते आत आले. त्या खोलीत ते पहिल्यांदाच येत होते. स्टुलावर बसले, रुमालाने मान पुसली.

"मॅडम, मिरगाच्या बहाराचे संत्रे तोडाले मजूर लागले होते," ते म्हणाले. "ही बी होती बगीच्यात. झाडाखाली उभी राहून वर पाहून राहिली. मी म्हटलं, काय पाहतं वं? तं म्हणे, बाबा, हे संत्रं या फांदीच्या पुढं आहे अन् ते मागं आहे. मी म्हटलं, मग? सगळेच पुढं-मागं असतात. तं म्हणे, मले पहिले सगळे एकाच जागी चिपकून दिसत होते."

पल्लवी खाली मान घालून चष्म्याची काडी चाचपत होती.

"ते संत्रं मले तिनं तोडून दाखवलं," प्रमोदभाऊ म्हणाले. "पहिल्याच हातात. पहिले ती दोन-दोनदा हात मारे हवेत. आमी हसत होतो तिले. वेंधळी म्हणत होतो."

दोन्ही डोळे मिळून काम करू लागले की जवळचं आणि लांबचं वेगळं होतं. पुस्तकात हे मी शिकले होते, कधी काळी परीक्षेत लिहिलंही होतं. पण संत्र्याच्या झाडाखाली ते असं घडतं, हे मला कोणी येऊन सांगितलं नव्हतं. मग जे मनात खुपत होतं तेच तोंडातून निघालं. "दोन ओळी राहिल्या, भाऊ. त्या माझ्यामुळे."

"राहिल्या," ते म्हणाले. नाही म्हणाले नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. थोडा वेळ ते त्या तक्त्याकडे पाहत बसले. मग म्हणाले, "मॅडम, माहे बी डोळे पाहून द्या. एवढं वय झालं, मी कधी एक डोळा झाकून पाहिलंच नाही."

मी त्यांना रेघेवर उभं केलं. पुठ्ठा शोधू लागले तर पल्लवी पुढे झाली. स्टुलावर चढून तिने मागून आपल्या तळहाताने वडिलांचा उजवा डोळा झाकला. बोटं घट्ट मिटलेली, कुठे फट नाही.

"अंदाजानं नका सांगू, बाबा," ती म्हणाली. "दिसलं तेवढंच सांगा."

तो ग्रीस आणि संत्र्यांच्या सालींचा वास असलेला माणूस हात पुढे करून, तीन बोटं उघडून, लहान मुलासारखा एक एक अक्षर दाखवू लागला. वर. डावीकडे. खाली. मी छडी खाली सरकवत गेले. सहाव्या ओळीवर त्यांचं बोट हवेत थांबलं. बराच वेळ ते डोळा बारीक करून पाहत राहिले. पल्लवीने हात हलवला नाही.

"इथून पुढचं नाही दिसत, बाई," ते तिला म्हणाले.

मी ते लिहून घेतलं.